कवळासाठी दहा इंची बार

आठवणी लिहिण्याएवढं वय झालंय का तुझं, असं माझी लेक मला विचारते. झालंय की. ज्या कामाचं नाव सांगितलं तर घरातल्या घरात समजावून सांगावं लागतं, ते काम केलेल्या माणसाचं वय झालेलंच असतं. तिला लाकूड तोडण्याचा आवाज म्हणजे घरघर एवढाच ठाऊक आहे. मला मात्र अजून आधी कोयता ऐकू येतो. थंडीच्या दिवसांत, उन्हं डोंगरामागंच असायची तेव्हा आमच्या वाडीवरच्या उतारावरून तो सुरू व्हायचा. खट्ट. मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा खट्ट, आणि समोरच्या डोंगराकडून उशिरा आलेला त्याचा जबाब. आई चुलीपाशी नाचणीची भाकरी थापता थापता वर न बघता सांगायची, "आज वाकड्यावर चढल्यात," किंवा "थोरल्यावर हैत, येळ लागंल." थोरला, वाकड्या, वीजखाल्ला ही आमच्या ऐनाच्या झाडांची नावं. माणसांना आमच्याकडं शिव्या जास्त आणि नावं कमी, पण झाडांना नावं होती.

आमची वाडी पासली गावाच्या वरच्या अंगाला. भात हेच पीक, आणि भात म्हटलं की आधी तरवा. लावणीची रोपं जिथं वाढवायची त्या वाफ्याला आम्ही तरवा म्हणतो, आणि पेरणीआधी तो भाजावा लागतो. शेण, पालापाचोळा, वर गवत, माती, आणि सगळ्यांच्या आत झाडाच्या पानांसकट वाळलेल्या फांद्या. त्या फांद्यांना कवळ म्हणतात. थंडीत ऐनावर चढून कवळ तोडायचं, रचून वाळवायचं, उन्हाळ्यात तरव्यावर पसरून पेटवायचं. झाड मरत नाही, पुढच्या पावसाळ्यात त्याला पुन्हा धुमारे फुटतात. एखाद्या माणसाचे केस कापावेत आणि ते वाढावेत, तसं ते पिढ्यान् पिढ्या चाललेलं.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातचं कवळ वाडीत वेगळं ओळखू यायचं, कारण आबा फांदी कधीही खाली पडू द्यायचे नाहीत. डाव्या हातानं फांदी धरायची, उजव्या हातानं कोयता घालायचा, आणि तुटली की ती तशीच धरून अलगद खाली उभ्या असलेल्या आईच्या हातात सोडायची. फार वरची असली तर दोरीला अडकवून. मी ती घेऊन बुडखे एका बाजूला, शेंडे एका बाजूला अशी रचायची. फांदी वरून पडली तर खालचे कोवळे धुमारे मोडतात आणि निम्मी पानं जागीच झडतात. दुसरी माणसं धबाधब टाकून मोकळी व्हायची. आबा त्यांच्याकडं बघून म्हणायचे, "पाडायला काय, माकडंबी पाडत्यात." हे ते इतक्या मोठ्यांदा म्हणायचे, की शेजारच्या उतारावर ऐकू जावं. त्यांना दुसऱ्या कशाचाही तोरा नव्हता. अंगात फाटकी बंडी असायची, पायात नुसत्या टायरच्या चपला, पण कवळाच्या बाबतीत हा माणूस राजासारखा वागायचा, आणि मला ते फार आवडायचं.

दुपारी झाडाखालीच जेवण. भाकरी, पावट्याची घट्ट आमटी, मिरचीचा खर्डा, कधी चुलीत भाजलेला बोंबील. ऐनाच्या खोडाला सुसरीच्या पाठीसारखी चिरफळलेली साल असते, तिला टेकून बसलं की पाठीवर चौकटी उमटायच्या. आबा जेवता जेवताही वर बघत असायचे, पुढची फांदी कुठली ते ठरवत. आईला त्याचा राग यायचा. "ताटात बघा की जरा," ती म्हणायची. "झाड पळून जात न्हाई."

झाड पळून गेलं नाही. आबांचा खांदा गेला. एका पावसाळ्यात लावणी चालू असताना ते बांधावरून घसरले आणि उजवा हात खांद्यातून निखळला. हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं तो बसवला, हात हलायला लागला, भाकरी मोडता यायला लागली, पण कानाच्या वर तो काही जाईना. आणि कोयता तर डोक्याच्या वरून आणायचा असतो. त्या थंडीत आबा थोरल्यावर चढले, एका फांदीला हात घातला, कोयता उचलला आणि तसेच थांबले. मी खालून बघत होते. बराच वेळ ते फांदीला धरून नुसते उभे होते. मग उतरले, कोयता आईच्या हातात दिला आणि घरी निघून गेले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आम्ही रानातला पाला गोळा करून तरवा भाजला. भाजला म्हणजे नुसता करपवला. रोपं विरळ आली, मध्ये मध्ये टक्कल पडल्यासारखी.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. उताराची जमीन सगळ्या भावकीत सामाईक, पण झाडं ज्याची त्याची, आणि झाड आपलं कशानं ठरतं तर त्याचं कवळ आपण तोडतो यानं. दोन-तीन थंड्या कुणी कवळ तोडलं नाही, तर ते झाड सोडलेलं धरतात. सोडलेल्या झाडाबद्दल मग भावकीतलं कुणीही तोंड उघडू शकतं. आमच्या ऐनांबद्दल तोंड उघडलं ते तात्यानं.

तात्या म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, आमच्याच भिंतीला भिंत लावून राहणारा. तो टेम्पो चालवायचा. पानशेतच्या बाजूला बंगले बांधले जात होते, तिकडं विटा आणि खडी पोचवायचा. तो वाईट माणूस नव्हता. हे मी आज म्हणते आहे असं नाही, तेव्हाही मला ते माहीत होतं आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. त्या वर्षी कोळशाचा ठेकेदार गावोगाव फिरत होता. उभी झाडं घ्यायची, परवानगीचं तो बघणार, पाडून तिथंच भट्टी लावायची आणि कोळसा घेऊन जायचा. तात्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, दोन साल झालं कोयता लागला न्हाई. माझी पोरं काय झाडावर चडायची न्हाईत. तुला पोरगा न्हाई. मग कुणासाठी ठेवायची?"

आबा म्हणाले, "म्या हाय अजून."

"हायेस रं. पण हात कुठं हाय?"

आई आतून भांडं आपटून बाहेर आली. "भावजी, बोलायची काय रीत हाय का न्हाई?" तात्याचा चेहरा पडला. मग त्यानं जे सांगितलं ते सरळ होतं. ठेकेदार होळीनंतर येणार होता. तोवर आबा ज्या झाडाचं कवळ तोडतील ते झाड राहील, त्यावर तात्या शब्द काढणार नाही. बाकीची जातील. "आणि नुसतं बोलून जात न्हाई म्या," तो म्हणाला. टेम्पोतून त्यानं पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी आणून ओट्यावर ठेवलं. पानशेतच्या एका बंगल्यात अडगळीत पडलेलं लाकूड कापायचं छोटं मशीन होतं. मालकानं त्याला देऊन टाकलं होतं. इंजिन चालत होतं, पण पुढची चपटी लोखंडी पट्टी, म्हणजे बार, आणि तिच्यावरून फिरणारी दातेरी चेन नव्हती. नारंगी रंगाचं ते धड पुढं काहीच नसल्यामुळं मुंडकं तोडलेल्या कोंबड्यासारखं दिसत होतं. "त्याला हात वर न्ह्यावा लागत न्हाई," तात्या म्हणाला. "बार घालताना मोठा घाला, म्हंजी मागनं पाडायलाबी हुईल."

आबांनी त्या रात्री मशीन उशाशी घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भोरला निघालो. मी बारावी होऊन घरी बसले होते, आणि काही वाचायची वेळ आली तर मी असावी म्हणून आबांनी मला घेतलं. वेल्ह्यापर्यंत चालत आणि जीपमधून, तिथून एसटीनं चेलाडीला, तिथून दुसऱ्या एसटीनं भोर. सगळ्या वाटेत आबा पोतं मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरनं खाली ठेवा म्हटलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दी, जड न्हाई." त्यांच्या तोंडावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी होतं. उमेद हा शब्द मला तेव्हा वापरावासा वाटला नसता, पण तीच होती.

दुकान बाजारपेठेत आत होतं. पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, पट्टे, बेअरिंगं आणि कोपऱ्यात भिंतीला टांगलेले बार. दुकानदार तरुण होता, कपाळाला गंध, बोलायला चटपटीत. त्यानं मशीन उलटंसुलटं करून पाहिलं. वरचं लेबल तेलानं पुसून गेलं होतं. मग त्यानं बाजूचे दोन नट काढून झाकण उघडलं. आत चेन फिरवणारी चक्री होती. "काका, बार कुठलाबी बसत नाही," तो म्हणाला. "आधी ह्या चक्रीचा दात बघायचा. चेनची घडण त्याला जुळली पाहिजे, नाहीतर चेन उड्या मारती." त्यानं एक चेन घेऊन तिच्या लागोपाठच्या तीन रिबिटांमधलं अंतर मोजलं आणि त्याचं निम्मं करून मला एक आकडा सांगितला. मी तो खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिला. मग चेनच्या पोटाला असलेले दात दाखवले. हे दात बाराच्या खोबणीतून पळतात. ते खोबणीपेक्षा जाड असले तर शिरणारच नाहीत. बारीक असले तर चेन लडबडते, तिरकी होते आणि कापताना निसटते. आबांनी खोबणीत नख घालून पाहिलं, मग चेनचा दात त्याच नखाला लावून पाहिला. त्यांना हे सगळं आवडत होतं. कोयत्याला दांडा बसवतानाही ते असंच नखानं मापायचे.

"आता किती लांबीचा पाहिजे?" दुकानदारानं विचारलं. "कापायचं काय?"

मी तात्याचा निरोप सांगायला तोंड उघडलं, तर आबा आधी बोलले. "मोटा बार लावला तर?"

"अठरा इंची बसवून देईन की. पण इंजिन एवढुसं हाय. हवेत फिरंल झोकात, लाकडात शिरला की दम तोडंल. आणि वजन पुढं जाणार. पाडायचं असंल तर मोठं मशीनच घ्या."

"पाडायचं न्हाई," आबा म्हणाले. "कवळ तोडायचंय. झाडावर उभं ऱ्हाऊन."

"मग दहा इंची." त्यानं भिंतीवरचा सगळ्यात छोटा बार काढला. आबांनी तो तळहातावर तोलला, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघितला आणि मान हलवली. चेनमध्येही दोन प्रकार निघाले. एक भराभर कापणारी, दुसरीत प्रत्येक धारेच्या पुढं एक जादा उंचवटा, त्यामुळं कमी चावणारी पण कमी झटका देणारी. आबांनी सावकाश चालणारी घेतली. दुकानदारानं ती बसवली, ताण कसा बघायचा ते शिकवलं. चेन बोटानं वर ओढायची, पोटाचा दात खोबणीच्या बाहेर आला तर सैल. मग त्यानं बाराच्या टोकाचा वरचा कोपरा दाखवला. "हे टोक फांदीला लागू द्यायचं नाही. लागलं की मशीन उलटं अंगावर येतं. दोन्ही हात मशीनवर, काका. कायम दोन्ही."

"व्हय," आबा म्हणाले. "समाजलं."

बार बरोबर होता. चेनही बरोबर होती. पुढं लोकांनी कारणं काढली, की मशीन जुनं होतं, माल हलका असेल, दुकानदारानं काहीतरी गळ्यात मारलं असेल. तसलं काहीही नव्हतं. आजसुद्धा मला कुणी असल्या छोट्या मशीनला काय बसवू असं विचारलं, तर मी तेच सांगेन.

आबांनी आधी खाली अंगणात सराव केला. जुन्या वाशाचे तुकडे, बाभळीची खोडं. दोन्ही हात मशीनवर, पाय फाकवून, टोक मोकळं ठेवून. वाडीतली माणसं बघायला यायची. तात्यासुद्धा येऊन उभा राहिला, बार बघून म्हणाला, "एवढाच?" मग एके सकाळी आम्ही वाकड्याकडं निघालो. वाकड्या चढायला सोपा, दोन फांद्या फुटतात तो दुबेळका अगदी खालीच. आबा चढले, मी दोरीनं मशीन वर दिलं. पहिली फांदी कापली, ती धप्पकन खाली आली आणि पानांचा सडा पडला. आईनं ती उचलली. अर्ध्या काड्याच उरल्या होत्या. दुसरी आली, तिनं येताना खालचे दोन धुमारे मोडले. आबा प्रत्येक वेळी मशीन बंद करून खाली बघायचे. आई नुसती पानं गोळा करत राहिली. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. शेजारच्या उतारावरून कुणीतरी हसून ओरडलं, "आबा, माकडं आली का काय?"

पुढची फांदी चांगली भरलेली होती, अशी की ती आबा एरवी शेवटी तोडायचे, आईच्या हातात नीट यावी म्हणून. मशीन सुरू झालं. आणि मी आबांचा डावा हात मशीनवरून सुटताना पाहिला. तो हात फांदीकडं गेला, जसा आयुष्यभर गेला होता. त्यांनी काही ठरवून केलं नाही. मशीन हलकं होतं, बार छोटा होता, एकट्या उजव्या हातानं सहज पेलत होतं. मोठा बार असता तर एका हातानं उचललंही नसतं. मी ओरडले, "आबा, हात!" पण त्या घरघरीत माझं मलाच ऐकू आलं नाही. फांदी वाकली, टोक कशाला तरी लागलं, आणि मशीन उलटं फिरून त्यांच्या डाव्या मनगटावर आलं.

ते स्वतःच्या पायांनी उतरले. आईनं पदर फाडून हात बांधला. बांधताना ती एकसारखी म्हणत होती, "काय झालं न्हाई, काय झालं न्हाई." तात्यानं टेम्पो असा हाणला, की वेल्ह्यापर्यंत मी एकदाही डोळे उघडले नाहीत. तिथून पुण्याला. तात्या दवाखान्यात आबांच्या उशाशी बसून राहिला, त्यांना भरवलं, त्यांचे कपडे धुतले. हात राहिला. पण अंगठा आणि दोन बोटं कायमची मिटायची बंद झाली. उजवा हात वर जाईना आणि डावा काही धरेना. घरी आल्यावर आबा ओट्यावर उताराकडं पाठ करून बसायचे. ओट्याचं तोंड उताराकडंच होतं, त्यामुळं त्यांना भिंतीकडं तोंड करावं लागायचं.

आईनं मशीन आम्ही परतल्या दिवशीच उचललं आणि मागच्या ओढ्यात, कोरड्या दगडांवर फेकून दिलं. एवढा राग मी तिच्यात आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मी ते संध्याकाळी जाऊन आणलं. इंजिन दगडांच्या मध्ये पाल्यावर पडलं होतं, त्याला नुसतं खरचटलं होतं. बार मात्र वाकला होता आणि चेनची एक कडी पिचली होती. मी ते का आणलं हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. बहुतेक आबांचं काहीतरी ओढ्यात पडून राहावं हे मला सहन झालं नाही.

होळी जवळ येत होती. तात्या एकदा आला, आबांच्या समोर बसायचं धाडस न होऊन माझ्याशी बोलला. "पोरी, भोरला जाऊन ये. मोटा बार आन. ठेकेदाराची माणसं थोरली झाडं पाडतील, बारकी आपुन पाडू. तेवढंच मशीन कामाला ईल." त्यानं पैसे माझ्या हातात ठेवले आणि डोळे पुसले. मी आबांकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. ते भिंतीकडंच बघत होते.

मी वाकलेला बार पिशवीत घालून एकटीच गेले. दुकानदारानं मला ओळखलं. बार हातात घेऊन त्यानं विचारलं, "काका बरे हैत ना?" मी सांगितलं. त्यानं बार खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता फडक्यानं काउंटर पुसत राहिला. मग तोच प्रश्न, जो त्यानं आबांना विचारला होता. "काय कापायचंय?"

मी घरातून निघाले तेव्हा मोठा बार आणायला निघाले होते. एसटीतसुद्धा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पण त्यानं विचारलं आणि मला थोरला दिसला, त्याच्या फांदीला धरून नुसते उभे राहिलेले आबा दिसले. आणि माझ्या तोंडून निघालं, "कवळ."

"कोण तोडणार?"

"म्या."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग भिंतीवरचा दहा इंची बार काढला, नवी चेन काढली, तीच सावकाश चालणारी, आणि नख घालून खोबण मीच तपासली. या खेपेला त्यानं हातांबद्दल काहीही सांगितलं नाही.

बायकांनी ऐनावर चढायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्या वाडीत कुणी चढलेलीही नव्हती. आई म्हणाली, "तू चडलीस तर म्या घर सोडून जाईन." तात्या म्हणाला, "तुझ्या बापाचं काय झालं ते बघितलंस ना?" मी कोपऱ्यात बसून नवा बार मशीनवर चढवला. भीती मात्र होती.

होळीपर्यंत माझ्याकडून पाचच झाडं झाली. तात्यानं शब्द पाळला, त्या पाचांना ठेकेदाराच्या माणसांनी हात लावला नाही. बाकी सगळा उतार त्यांनी उघडा केला. वाकड्या गेला, कारण त्याच्याजवळ जायला मी तयार नव्हते. वीजखाल्ला गेला. भट्ट्या लागल्या तेव्हा धूर आमच्या अंगणात उतरायचा, आणि कितीतरी दिवस भाकरीला, कपड्यांना, आईच्या केसांना त्याचा वास होता. आबा तेव्हा ओट्यावरून उठून आत जाऊन बसायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, मागनं आईही गेली. मी लग्न होऊन भोरजवळ आले. वाडीत आता तरवा कुणी भाजत नाही, वाफ्यावर खताची मूठ मारतात आणि रोपं येतात. ती पाच झाडं अजून उभी आहेत. कित्येक थंड्या त्यांना कुणी शिवलेलं नाही, म्हणजे रीतीप्रमाणं ती केव्हाच सोडलेली आहेत. मी कधी गेले तर त्यांच्याखाली उभी राहते. बरं वाटतं असं नाही. पण न जाता राहवत नाही.

मला सांगायचं होतं ते थोरल्यावरच्या पहिल्या सकाळचं. मी दुबेळक्यात पाय रोवून उभी होते. दोरीनं मशीन वर घेतलं, चेन बोटानं ओढून पाहिली, ताण बरोबर होता. खाली कुणी नव्हतं. मग पालापाचोळ्यावर पावलं वाजली. आबा येत होते, डावा हात फडक्यात, आणि त्यांच्या मागं, दोन हात अंतरावर, घर सोडून जाईन म्हणणारी आई. आबा एका दगडावर बसले. कितीतरी दिवसांनी ते झाडाकडं तोंड करून बसले होते. मी मशीन सुरू केलं. दोन्ही हात मशीनवर. बार फांदीत शिरला, सहज, जसा शिरायला हवा होता तसा. फांदी निम्मी कापली गेली आणि वाकायला लागली, भरल्या पानांची, सगळी एका बाजूला. मी त्या बापाची लेक होते, लहानपणापासून त्यांच्या कोयत्याखालची एकही फांदी पडलेली पाहिली नव्हती. मी मशीन बंद केलं.

"आबा," मी वरून म्हणाले, "धरता येत न्हाई."

"धरू नगंस," आबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता, पण ते ओरडून बोलत होते, शेजारच्या उतारावर ऐकू जाईल असे. "दोनी हात तितंच ठेव. फांदी पडू दी."

मी पुन्हा सुरू केलं. फांदी सुटली, खालचे कोवळे धुमारे मोडत गेली आणि आईच्या पायाशी धप्पकन आदळली. पानं उडाली. आबांनी डोळे मिटून घेतले होते. आई वाकून एकेक पान वेचायला लागली.

"आता पुडची," आबा डोळे न उघडता म्हणाले. "पडू दी."